कारखाना नाही, मग काम शिकायचं कुठं?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघरी एकच विषय असतो. नव्वद टक्केवाल्यांचं काही नाही, त्यांचे फोटो पेपरात येतात, क्लासवाले त्यांच्या घरी पेढे घेऊन जातात. प्रश्न असतो तो पंचेचाळीस-पन्नास टक्केवाल्यांचा. ‘आता याला काहीतरी हाताचं काम शिकवा,’ असं मामा सांगतो, काका सांगतो, शेजारचे निवृत्त गुरुजीही सांगतात. मुलगा असेल तर आयटीआय. आणि मुलगी असेल तर? ‘शिवणक्लास लावा, तेवढंच घरबसल्या होईल!’

मैत्रिणींनो, ‘हाताचं काम’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण हे काम मुलं नेमकी कुठं शिकतात, कुणाच्या हाताखाली शिकतात आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना ते खरोखर येतं का, हे आपण आया म्हणून कधी विचारतो का? शाळेत गणिताचे सर बदलले तर आपण मुख्याध्यापकांना जाऊन गाठतो. पण आयटीआयच्या कार्यशाळेत डोकावलेली आई मी आजवर पाहिलेली नाही.

मी राहते नंदुरबार जिल्ह्यात. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशभरातले मागे राहिलेले जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ असं गोड नाव दिलं, त्यात आपल्या राज्यातले चार होते – नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. नाव गोड असलं तरी अर्थ सरळ आहे. इथं कारखाने कमी, रस्ते अवघड, आणि पोट भरायला माणसं सहा-सहा महिने बाहेर. आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, गुजरातेत मजुरीला जातात.

अशाच एका पाड्यावरची मुलगी. नाव सांगत नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, त्यातून तिला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मिळाला. मुलगी जिद्दीची. दोन वर्षं वसतिगृहात राहून पास झाली. नंतर एकदा बाजाराच्या दिवशी तिची आई भेटली. म्हणाली, ‘‘ताई, पोरगी लायटीचं काम शिकली, पण आमच्या घरातलं बटण बिघडलं तर शेजारच्या पोराला बोलवावं लागतं. ती म्हणते, असल्या जुन्या वायरीला मी कधी हातच लावला नाही.’’

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. मुलीला विचारलं तेव्हा तिनं नीट सांगितलं. संस्थेत एका लाकडी बोर्डावर जोडणी करायची, दिवा लागला की सरांना दाखवायचा, सरांनी सही केली की सगळं सोडून पुढच्या मुलाला बोर्ड द्यायचा. दोन वर्षांत तिनं कितीतरी जोडण्या केल्या असतील, पण त्यातल्या एकाही दिव्याखाली कुणी भाकरी थापली नाही की अभ्यास केला नाही. कुडाच्या भिंतीतून वायर कशी न्यायची, पावसाळ्यात ओल आली तर काय करायचं, उंदरानं कुरतडलेला तुकडा कसा शोधायचा – हे बोर्डावर कसं येणार?

यावर उपाय नाही असं नाही. त्याचं नाव ‘शिकाऊ उमेदवारी’, म्हणजेच अप्रेंटिसशिप. आपल्या देशात त्यासाठी १९६१ सालापासून कायदा आहे. आयटीआय झालेल्या मुलांनी कारखान्यात जाऊन काही काळ प्रत्यक्ष काम करत शिकायचं आणि त्या काळात त्यांना दरमहा विद्यावेतन मिळायचं. २०१९ च्या नियमांत हे किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे पाच ते नऊ हजार रुपये ठरलं होतं. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत त्यातले पंचवीस टक्के, दीड हजारापर्यंत, सरकार देतं. कागदावर फार चांगली गोष्ट आहे, आणि पुण्या-नाशिकच्या मुलांना तिचा उपयोग होतोही.

पण या कायद्याची सक्ती आहे ती तीस किंवा जास्त माणसं कामाला असणाऱ्या आस्थापनांवर. आता आमच्या तालुक्यात तीस माणसं एका छपराखाली काम करतात असं ठिकाण सांगा बरं! साखर कारखाना, एसटीचा डेपो, वीज कंपनी... संपली यादी. तिथं मोजक्या जागा असतात. बाकी सगळं म्हणजे एक मालक, एक कारागीर आणि चहा आणणारा एक पोरगा. गॅरेज तसं, फॅब्रिकेशनचं दुकान तसं, पंप दुरुस्तीवाला तसा. कायदा चारपेक्षा कमी माणसं असलेल्यांकडे बघतच नाही.

मग त्या मुलीला पत्र आलं ते नाशिकच्या कारखान्याचं. पाड्यावरून निघून नाशिकला पोचायला अख्खा दिवस जातो. वडिलांनी हिशेब केला. खोलीचं भाडं, खानावळ, येण्याजाण्याचं तिकीट. हातात येणार तेवढं तिथंच जाणार, वर पोरीची काळजी. त्यांनी नको म्हटलं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण भाड्याची खोली शोधून देणारं, पहिल्या दिवशी स्टँडवर उतरून घेणारं कुणी नसेल तर आपणही आपल्या मुलीला पाठवलं असतं का, हे प्रत्येकीनं स्वतःशी बोलून बघावं. मुलगी सध्या घरी आहे. स्थळं बघणं चालू आहे.

म्हणून मला वाटतं, दुर्गम भागात प्रश्न शिक्षणाचा जेवढा आहे तेवढाच ‘काम कुठं आहे’ याचा आहे. कारखाना मुलांपर्यंत येणार नाही आणि सगळी मुलं कारखान्यापर्यंत जाणार नाहीत. मग शिकायचं कुठं?

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच राज्यात चाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं दिलं, आणि ते आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लीव्हरसारख्या कंपनीत संशोधनातल्या मोठ्या हुद्द्यावर. मुंबईतली ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ इथं ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. पत्नी मीराताई बरोबर होत्या. (अशा प्रत्येक गोष्टीत एक मीराताई असतात आणि त्यांच्यावर लेख कमीच येतात, पण तो विषय वेगळा.) पाबळच का? तर ते दुष्काळी गाव. पाणी नाही, उद्योग नाही. इथं जमलं तर कुठंही जमेल, हा त्यामागचा विचार.

कलबागांचं म्हणणं साधं होतं. शाळा सोडून दिलेला, ‘ढ’ म्हणून शिक्का बसलेला मुलगा गॅरेजमध्ये अवघड इंजिन खोलून पुन्हा जोडतो, म्हणजे त्याचं डोकं चालतं. माणूस काम करता करता शिकतो, ही निसर्गाचीच पद्धत आहे. मग शाळेनं ती का सोडली? आणि काम कुठलं? तर गावाला जे काम करून हवंय ते! गावाला दरवाजे हवेत, गोठे हवेत, पाण्याच्या टाक्या हव्यात, वायरिंग हवं, माती तपासून हवी, कोंबड्यांना लस हवी, बाळंतिणीचं हिमोग्लोबिन बघायला हवं. गाव हीच कार्यशाळा आणि गावातली माणसं हीच गिऱ्हाइकं.

त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला आणि राज्याच्या मंडळानं त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस मुलं पुस्तक ठेवून कामाला लागतात. विभाग चार – अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. महत्त्वाची गोष्ट अशी, की चारही विभाग सगळ्यांना. मुलीनं वेल्डिंग करायचं आणि मुलानं चिक्की करायची, रक्तगट तपासायचा. शिकवायला बीएड झालेला शिक्षकच हवा असा हट्ट नाही. गावातला कारागीर, काम येणारा तरुण निदेशक म्हणून घेतात. नव्या वस्तू बनवण्याची हौसही आश्रमानं सोडली नाही. कमी खर्चातली घुमटाकार घरं तिथं तयार झाली आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’सुद्धा याच खेड्यात आली. शाळा सुटलेल्यांसाठी एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता आहे. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण काम थांबलं नाही. पुढं पुण्याच्या ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थेनं हाच विषय आणखी बऱ्याच शाळांमध्ये नेला.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेतही ‘कार्यानुभव’ होता की! होता. तो कसा होता ते आठवा. कागदाची फुलं, काड्यापेटीची खुर्ची, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आईनं जागून केलेलं तोरण. आई करायची, मुलगी दाखवायची, बाई मार्क द्यायच्या. ते तोरण कुणाच्याही दाराला लागलं नाही. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत कामातून शिक्षणाचा विचार मांडला, कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ करून दाखवलं, आणि आपण त्याचं तोरण करून टाकलं! फरक कुठं पडतो ते माझ्या मते एकाच गोष्टीत आहे. वस्तू विकत घेणारं गिऱ्हाईक समोर आहे की नाही?

हे मला पुस्तकातून नाही, मिरचीतून कळलं. नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीतच आहे. आमच्या बचत गटातल्या बायका मिरची वाळवून तिखट करून विकतात. ताडपत्रीवर वाळवलं की धूळ येते, शेळ्या येतात. उंच लोखंडी मांडणी हवी होती. बाजारात एकीचे अठराशे सांगितले. जवळच्याच एका शाळेत या पद्धतीचं काम चालतं, तिथं विचारलं. नववीच्या मुलामुलींनी येऊन मापं घेतली, कागदावर आकृती काढली, पाइप किती, रॉड किती, रंग किती, मजुरी किती असा खर्च मांडला आणि पंधराशे सांगितले. आमच्या बायका कसल्या ऐकतात! घासाघीस करून साडेचौदाशेवर आणलं.

पहिली मांडणी आली आणि डुगडुगायला लागली. एक पाय बोटभर आखूड! आमच्या गटातली एक आजी सरळ म्हणाली, ‘‘पोरांनो, ही परत न्या. पैसे मोजून देतो आम्ही, फुकट नाही घेत.’’ त्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी मधे पडले नाही. दोन दिवसांनी त्यांनी तो पाय कापून पुन्हा जोडून आणला, आणि उरलेल्या तीन मांडण्या जमिनीवर ठेवून, हलवून दाखवून, मगच पैसे घेतले. मापात बोटभर चूक म्हणजे काय, हे गणिताच्या सरांनी वर्षभर सांगून जे झालं नसतं ते आजीच्या एका वाक्यानं झालं.

त्या चार मांडण्यांतल्या दोन मुलींनी जोडल्या होत्या. त्यातल्या एकीच्या आईनं सुरुवातीला शाळेत जाऊन सांगितलं होतं, ‘‘माझ्या पोरीला ते आगीचं काम देऊ नका. हातावर डाग पडला तर उद्या लग्नाला अडचण.’’ हसू नका. ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात असते, फक्त ती बाई बोलून दाखवते. चुलीवर हात भाजून घेणारी मुलगी आपल्याला चालते, फोडणीचं तेल उडालं तर आपण त्याला डाग म्हणत नाही. पण जाड हातमोजे घालून, डोळ्यांसमोर काच धरून, शिक्षक शेजारी उभे असताना केलेलं वेल्डिंग मात्र धोक्याचं! त्या शाळेतल्या बाई हुशार. त्यांनी वाद घातला नाही. त्या आईलाच एक दिवस कार्यशाळेत बोलावलं, हातमोजे दाखवले, मुखवटा तिच्या डोळ्यांवर ठेवून ठिणगी बघायला लावली. आता ती बाई गल्लीत सांगत फिरते, ‘माझ्या पोरीनं गटाची मांडणी केली.’

सगळंच असं गोड आहे असं मात्र समजू नका. कच्च्या मालाला पैसे लागतात आणि ते आधी लागतात, विक्री नंतर होते. मिळालेल्या पैशांतून पुढचा माल घ्यायचा असतो, तो हिशेब ठेवणारं कुणी नसेल तर दोन वर्षांत कार्यशाळेला कुलूप लागतं. निदेशकाचं मानधन थोडं असतं, चांगला निदेशक शहरात निघून जातो. आणि सर्वांत मोठी अडचण आपण पालकच. ‘पोरगं शाळेत पाठवलंय ते पुस्तक वाचायला, सुतारकी करायला नाही,’ असं म्हणणारे आपण, आणि पंचेचाळीस टक्के पडले की ‘याला सुतारकी शिकवा’ म्हणणारेही आपणच.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण दुर्गम भागात तिचा गैरफायदा लवकर घेतला जातो. काम करत शिकणं वेगळं आणि पोरांना फुकट राबवणं वेगळं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर जवळपास सर्वत्र बंद आहे (घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत चालते), आणि अठरा वर्षांपर्यंत धोक्याची कामं बंद आहेत. पण ‘अनुभव’ या नावाखाली काय काय चालतं ते बघा. शेतीचा ट्रेड म्हणून वर्षभर रोपांना पाणी घालायला लावायचं, गॅरेजात शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराकडून सहा महिने गाड्याच धुवून घ्यायच्या. ओळखायचं कसं? मुलाला रोज विचारा, ‘आज नवीन काय केलंस?’ आठवडाभर उत्तर तेच आलं तर ते शिक्षण नाही, मजुरी आहे. आणि मजुरी असेल तर तिचे पैसे मिळाले पाहिजेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे ठेवायचं म्हटलं आहे. मुलांनी त्या दिवसांत गावातल्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे जाऊन काम शिकायचं. विचार मला आवडला. पण दहा दिवसांत मुलाला कामाची ओळख होते, काम येत नाही. शिवाय ज्या सुताराकडे मुलं जाणार त्याचा बुडालेला वेळ कोण भरून देणार, हेही बघायला हवं. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्याला आपण नुसता नारळ देऊन घरी पाठवतो!

इथं बचत गट खूप काही करू शकतात, आणि त्यासाठी भाषणं लागत नाहीत. आपल्याला जे करून हवंय ते आधी जवळच्या शाळेत किंवा आयटीआयमध्ये विचारायचं. अंगणवाडीची खिडकी, गिरणीचा पट्टा, शेडचं वायरिंग, ग्रामपंचायतीचे बाक. विजेचं काम असेल तर परवाना असलेल्या वायरमनच्या देखरेखीखालीच करून घ्यायचं, तिथं हयगय नको. पैसे ठरवून द्यायचे, पावती घ्यायची, आणि काम वाईट झालं तर परत पाठवायचं. आमच्या गटानं या वर्षी शेडचं वायरिंग असंच करून घ्यायचं ठरवलंय. वायरमन ठरला आहे. हाताखाली कुणाला घ्यायचं तेही मी त्यांना सुचवलंय, बघू तिच्या घरचे काय म्हणतात.

आता प्रवेशाचे दिवस येतील. आयटीआयचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. मोबाइलवर जमत नसेल तर जवळच्या संस्थेत मदत मिळते. मुलीला घेऊन स्वतः जा. तिथं विचारा – या ट्रेडमध्ये मुलं बाहेर प्रत्यक्ष कामाला जातात का, किती दिवस, कुठं? मागच्या वर्षीच्या मुलांना उमेदवारी कुठं मिळाली? मुलींच्या राहण्याची सोय कोण बघतं? या कार्यशाळेत आत्ता मुली किती आहेत? त्यांच्यातल्या एखादीशी आम्हाला बोलता येईल का? कार्यशाळा बघायला मात्र दुपारच्या सुट्टीत जाऊ नका. यंत्रं चालू असतील तेव्हाच जा, म्हणजे कोण चालवतंय आणि कोण नुसतं उभं आहे, ते दिसतं.